कॅलेंडरातला सूर्य

रविवार उजाडला की गिरिधर मास्तरांना बोलण्याचं भरतं येई. त्याला कारणही तसंच होतं. रविवारी शामलाबाईंचं मौन असे. उठून अंघोळ करायची, गच्चीवर जायचं, सूर्याला तांब्यानं अर्घ्य द्यायचं आणि मगच तोंड उघडायचं, बोलायला काय नि घोटभर पाण्याला काय. गांधीबागेमागच्या त्यांच्या घरासमोर कापडाचं उंच गोदाम होतं. त्याच्या पत्र्यावरून सूर्य वर यायला थंडीत पावणेआठ होत. तेवढा वेळ मास्तरांचा. आठवडाभर ज्या ज्या बेताला "तुमचं तर काहीतरीच राह्यते" असं उत्तर मिळालेलं असे, तो तो बेत ते त्या वेळात पुन्हा मांडत.

"पाह्य वं शामले, मी म्हनतो यंदा समोरचं दार निळं रंगवू. तुले चालन ना? नाही म्हनत नाही, म्हनजे चालते."

शामलाबाई डोळे मोठे करत. मास्तर मुकाट दाराकडे बघत. अर्घ्य झालं की पहिला शब्द ठरलेला, "हिरवंच राहू द्या."

अशी बारा वर्षं गेली.

बारा वर्षांपूर्वी शाळेच्या संमेलनासाठी भिंत रंगवायची म्हणून मास्तर पिंपात कळीचा चुना विरवत होते. पाणी पडताच चुना उसळला आणि दोन्ही डोळ्यांत गेला. अकरा दिवस पट्टी. डॉक्टर म्हणाले, सुटेल तेव्हा कळेल. आणि माणूस तर ड्रॉइंग शिकवणारा! शामलाबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून राहत. समोरच्या भिंतीवर बाबाराव कापडवाल्यांच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. निळंजांभळं पाणी, त्यात हत्ती बसल्यासारखा काळा खडक, कडेला वाकलेला एक माड, आणि खडकाला खेटून पाण्यावर टेकलेला लालभडक सूर्य. खाली छापलं होतं, 'उगवता सूर्य'. कोपऱ्यात बारीकसं 'गि.' चित्र मास्तरांचंच होतं. शाळेत बसून काढलेलं, दुकानानं विकत घेतलेलं.

अकराव्या दिवशी शामलाबाईंनी त्या सूर्यापुढे हात जोडले. 'देवा, ज्या डोळ्यांनी तुला रंगवलं ते डोळे राहू दे. बारा वर्षं रविवारी तुझं मौन धरीन. बाराव्या वर्षाच्या रथसप्तमीला तुझ्या ह्याच पाण्यात उभी राहून तुलाच अर्घ्य देईन. मगच माझं व्रत पुरं.'

पट्टी सुटली. मास्तरांनी डोळे किलकिले केले, जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "शामले, या पातळाचा काठ कत्था हाय का जांभळा?"

शामलाबाई तिथंच भिंतीला टेकून रडल्या. काठ कत्था होता.

बोललेला नवस फिटेपर्यंत ओठाबाहेर काढू नये, असं त्यांच्या आईचं सांगणं. म्हणून हा नवस त्यांनी मास्तरांनाही सांगितला नाही. त्यांना एवढंच ठाऊक, की बायको रविवारी बोलत नाही.

बाराव्या वर्षाची रथसप्तमी नेमकी रविवारी आली. पंचांगात ते बघितल्यावर शामलाबाईंना वाटलं, त्यानंच बोलावणं धाडलं. जेवताना त्या हळूच म्हणाल्या, "अहो, मले समुद्र पाह्याचा हाय."

मास्तरांचा घास हातातच राहिला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि बाईनं रामटेकपलीकडे कुठं जायचं नाव काढलं नव्हतं.

दारात येऊन बसलेल्या शेजारच्या सिंधूताई म्हणाल्या, "मंग पुरीले जा ना वं. जगन्नाथही होते, समुद्रही होते. एका तिकिटात दोन पुण्य."

"नाही ताई. मले यांच्या कॅलेंडरातलाच समुद्र पाहिजे."

मास्तर हात धुवायला म्हणून उठले ते मोरीपाशी बराच वेळ उभे राहिले. आपलं चित्र बायकोनं कधी धड बघितलंय, असंही त्यांना आजवर वाटलं नव्हतं.

मग काय विचारता! तो समुद्र माडवली नावाच्या गावचा. ड्रॉइंगच्या परीक्षेच्या वेळी ओळख झालेल्या एका कोकणी मित्राकडून मास्तरांकडे कधीकाळी त्याचा काळापांढरा फोटो आला होता, त्यावरूनच ते चित्र काढलेलं. मित्र आता नव्हता, पण त्याची थोरली बहीण भागीरथाकाकू गावात होती आणि समुद्रासमोरच्या आपल्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देत होती. पत्रं गेली, पत्रं आली. मास्तरांनी पांढरे बूट घेतले, सोलापुरी चादरी घेतल्या, गवताची टोपी घेतली. लेक जया खापरखेड्याच्या कॉलनीतून मुद्दाम आली आणि वडिलांना काळा गॉगल देऊन गेली. "बाबा, तिकडं उन्हात वाळू लय चमकते. डोळे जपा."

"सिनेमावाला दिसून राहिलो का नाही?" मास्तर आरशासमोर.

"सर्कसवाला," शामलाबाई म्हणाल्या. पण त्यांनीही ट्रंकेत एक लिंबू रंगाचं नवं पातळ ठेवलं होतं. त्याच्या घडीत रक्तचंदनाची पूड, आणि तांब्याचा तो जुना तांब्या.

दोन दिवसांचा आगगाडीचा आणि एसटीचा प्रवास करून शुक्रवारी दुपारी ती दोघं माडवलीला पोचली. लाल मातीची वाट, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, वर सुपारीची सावली. वाट संपते न संपते तोच घराच्या मागून असा आवाज आला, जसं कोणी मोठं माणूस शांत झोपेत श्वास घेतंय.

"हा कोनाचा आवाज?" शामलाबाईंनी विचारलं.

"त्याचाच," भागीरथाकाकू हसल्या. साठीची, शेलाट्या बांध्याची, नऊवारीतली बाई. "रात्रंदिवस चालू असतो हो वहिनी. उद्यापासून ऐकू येणार नाही बघा. परत गेलात की मग ऐकू येईल."

घर म्हणजे चित्रच होतं. लांबच लांब पडवी, तिला निळ्या काचांची तावदानं, छताला पितळी कड्यांचा झोपाळा. वेताच्या दोन आरामखुर्च्या समुद्राकडे तोंड करून ठेवलेल्या, मध्ये संगमरवरी टेबल, त्यावर काचेच्या उंच पेल्यांतून कोकमचं सरबत. मास्तर टोपी, गॉगल, बुटांसकट खुर्चीत लांब झाले आणि म्हणाले, "शामले, आता दोन दिवस आपन काहीच कराचं नाही. फक्त असं बसाचं. साहेबलोक बसते तसं."

शामलाबाई आधी खुर्चीच्या कडेवर बसल्या, पाहुण्यासारख्या. मग मागं टेकल्या. वारा आला, त्यानं पदर उचलला आणि त्यांनी तो तसाच उडू दिला. पाणी बघता बघता त्यांना आपण कुठं आहोत त्याचाच विसर पडला. लाट येई, वाळूवर पांढरी रांगोळी घाली आणि स्वतःच पुसून टाकी. न दमता, न कंटाळता. किती जन्मांचा नेम असेल हिचा, असं त्यांच्या मनात आलं.

ऊन सोनेरी झालं, मग केशरी. सूर्य खाली उतरला. उतरला तो थेट पाण्याकडे.

"वा! वा!" मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले.

शामलाबाई मात्र जागीच थिजल्या. बारा वर्षं दर रविवारी सकाळी सूर्याकडे तोंड करून उभी राहिलेली बाई ती. दिशा तिला कोणी शिकवायला नको होती. सूर्य या समुद्रात मावळत होता. म्हणजे समुद्र मावळतीला. म्हणजे परवा सकाळी सूर्य उगवणार तो पाठीमागून, डोंगरावरून. ह्या पाण्यातून तो कधीच उगवत नाही. मग 'उगवता सूर्य'?

पाण्यानं सूर्य गिळला. मास्तर टाळ्या वाजवत होते.

शनिवार गेला तो धुक्यातल्यासारखा. सकाळी केळीच्या पानावर घावणे आणि ओल्या नारळाचा रस आला. मास्तरांनी तीन घावणे खाऊन हळूच विचारलं, "काकू, एखांदी हिरवी मिरची भेटन का? इतलं गोड खाऊन मले आपन देवाचा नैवेद्य असल्यासारखं वाटून राह्यलं." काकू हसून हसून बेजार. मग पायांना गार लागणाऱ्या वाळूत चालणं, शिंपले वेचणं, दुपारी झोपाळ्यावर डुलकी, जाग आल्यावर पुन्हा तेच निळं पाणी. मास्तर चित्रांची वही घेऊन एकटेच किनाऱ्यानं लांब फिरून आले आणि स्वतःशीच हसत राहिले.

शामलाबाईही हसत होत्या, बोलत होत्या. आत मात्र एकच गोष्ट भोवऱ्यासारखी फिरत होती. मास्तरांना सांगावं तर बोललेला नवस उघडा पडतो. शिवाय चित्र त्यांचं. त्यांच्या हातून चुकलं असं त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

संध्याकाळी वाऱ्यानं वाळू उडाली आणि मास्तर एकदम डोळा चोळू लागले.

"काय झालं? दिसते ना? अहो, दिसते ना?" शामलाबाईंनी त्यांचं मनगट इतक्या जोरात धरलं की बांगडी वाढली.

"कचरा गेला वं बारकासा. काहून येवढी घाबरली?"

त्यांनी पदराच्या टोकानं कण काढला. डोळा लाल झाला होता. अजून व्रत पुरं नाही, त्यांना वाटलं, आणि तो आठवण देतोय.

दिवेलागणीला त्या माजघरात काकूंजवळ बसल्या. "काकू, इथं पान्यात एक काळा खडक हाय का? हत्ती बसल्यासारखा?"

"हत्तीखडक! आहे की. त्या वळणापलीकडे. इथून नाही दिसायचा."

वळणापलीकडे! शामलाबाईंचा जीव भांड्यात पडला. किनारा वळला म्हणजे समुद्रही वळला असेल. नदीचं पाणी नाही का वळणावर दिशा बदलत? देव आपल्या माणसाला इतक्या लांब उगाच बोलावणार नाही.

रविवारी त्या तारे असतानाच उठल्या. काकूंच्या परसात रुईची पानं डोक्यावर ठेवून स्नान केलं, लिंबू रंगाचं पातळ नेसल्या, तांब्यात विहिरीचं पाणी, त्यात रक्तचंदन आणि जास्वंदीचं फूल. मास्तर झोपलेले होते. काकू तुळशीपुढे गोवरीवर मातीच्या बोळक्यात दूध उतू घालवायला ठेवत होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. व्रत करणारीचं मौन त्यांना सांगावं लागलं नाही.

ओहोटी लागली होती. वाळू ओली, आरशासारखी. वळण ओलांडलं आणि खडक दिसला. तोच तो. सोंड पुढं करून बसलेला हत्ती. वाकलेला माड मात्र पडून गेला होता, नुसता बुंध्याचा खुंट उरला होता. शामलाबाई पाण्यात शिरल्या, गुडघ्यापर्यंत. लाट येऊन पायांखालची वाळू ओढून नेई आणि त्या जराशा खचत, पुन्हा सावरत. नजर समोर, खडकाच्या कडेला. आता तिथून येईल. आता.

समोरचं पाणी करडं होतं, मग मोतिया झालं. लांबच्या होड्यांची शिडं एकाएकी उजळली. आणि मग पाण्यावर, त्यांच्या पुढ्यात, एक सावली लांबच लांब पसरली. हातात तांब्या धरलेल्या बाईची.

त्यांची स्वतःचीच. सूर्य पाठीमागं, डोंगरावर आला होता.

वळून त्याला अर्घ्य दिलं असतं तर तो काही रागावला नसता. रोजचाच तो. पण शब्द दिला होता तो ह्या पाण्यातल्या सूर्याला. शामलाबाईंचे हात वरही होईनात, खालीही होईनात. तांब्या भरलेला तसाच. गालावरून पाणी ओघळायला लागलं ते डोळ्यांतलं की समुद्राचं, कळेना.

"वा वं वा! मी तिकडं घरभर शोधून राह्यलो, आन् तू इथं!"

मास्तर आले होते. गवताची टोपी, गॉगल, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पांढरे बूट हातात. बायकोचे डोळे भरलेले बघून त्यांना वाटलं, भक्तीनं भरले. ते वाळूत ऐसपैस बसले. रविवार, आणि बायकोचं मौन. त्यांना तर आयतंच सापडलं.

"बोलू नको, बोलू नको, मले माहीत हाय. तू फक्त आइक. तुले आज दाखवनार होतो, तर तुनंच शोधला. हाच तो खडक! काल मी पाहून गेलो. त्या बाजूनं माड होता, फोटोत होता ना, तो पडला वाटते. बाकी सगळं तसंच. फक्त येळ चुकली आपली. हे पाह्याचं तर संध्याकाळी."

शामलाबाईंनी मान वळवली.

"फोटोच्या मागं मित्रानं लिहून धाडलं होतं, 'आमच्या गावची संध्याकाळ'. म्हनून तर मी तो लाल रंग तसा लावला, खाली जांभळा. मावळतीचाच रंग असते तो, उगवतीले असा जांभळा नाही येत. बाबारावकडं चित्र घेऊन गेलो, तर तो म्हने कसा, 'मास्तर, दुकानाच्या कॅलेंडरावर मावळता सूर्य कोन लावते गा? गिऱ्हाइकाले वाटन दुकान बुडून राह्यलं. तुमी चित्र देऊन द्या, नाव मी पाहून घेतो.' आन् छापलं, 'उगवता सूर्य'!" मास्तर खदाखदा हसले. "आख्ख्या गांधीबागेत बारा महिने मावळता सूर्य टांगून होता, आन् लोक त्याले सकाळी उठून हात जोडत होते!"

शामलाबाईंच्या हातातला तांब्या हलला. फूल काठाशी आलं. त्यांनी दुसरा हात चटकन वर झाकला, थेंबही सांडू दिला नाही.

सकाळी उठून नव्हे. व्हरांड्यातल्या बाकावर बसून, अकराव्या दिवशी. त्यांनी हात जोडले होते ते खाली छापलेल्या नावाला नव्हे. जोडले होते ते ह्या खडकाला खेटलेल्या, ह्या पाण्यावर टेकलेल्या त्या लाल सूर्याला. तो मावळता होता, तर मावळता. त्यानंच ऐकलं होतं. आणि तो काही चुकलेला नव्हता, यायचाच होता, संध्याकाळी. आपल्या वडिलांना त्यांनी लहानपणी बघितलं होतं, दिवस बुडताना नदीवर ओंजळ सोडताना. 'जानाऱ्या पाहुन्यालेही पानी द्या लागते पोरी,' ते म्हणत.

त्या पाण्यातून बाहेर आल्या. तांब्या भरलेलाच.

"हे काय? अर्घ्य?"

शामलाबाईंनी मान हलवली आणि हातानं खडकाजवळची जागा दाखवली. मग सूर्याकडे बोट करून ते सावकाश आभाळावरून फिरवत आणलं, आणि पुन्हा त्याच जागेवर टेकवलं.

"संध्याकाळी? आन् तोवर उपाशी? पानीही नाही? शामले, हे कोनतं नवीन काढलं?"

शामलाबाईंनी फक्त मास्तरांचा गॉगल उचलून टोपीवर सरकवला आणि दोन बोटं त्यांच्या दोन्ही पापण्यांवर टेकवली. हलकीच, दवाखान्यात पट्टीवरून टेकवत तशी.

मास्तर उठून उभे राहिले. लाट येऊन वाळूत ठेवलेला एक बूट भिजवून गेली तरी त्यांना कळलं नाही. बारा वर्षं. बारा वर्षांचे रविवार, आणि आपण त्या मौनात दाराचे रंग ठरवत बसलो होतो.

घरी आल्यावर काकूंनी पोहे पुढं केले. मास्तर म्हणाले, "राहू द्या काकू. आज माहाही रविवार हाय." आणि मग तेही बोलेनासे झाले.

असा दिवस शामलाबाईंच्या आयुष्यात दुसरा आला नाही. दोन आरामखुर्च्या, दोन माणसं आणि मधल्या टेबलावर भरलेला तांब्या. सकाळी निळ्या काचांतून निळं ऊन फरशीवर पडलं होतं, ते हळूहळू सरकत खुर्चीखाली आलं, पलीकडे गेलं. पाणी लांब मागं सरलं, मग भरती चढत पडवीच्या पायरीशी बोलायला आली. तहान लागली आणि नाहीशी झाली. मास्तर वहीत काहीतरी रेखाटत, थांबत, बायकोकडे बघत. एकदा त्यांनी नुसता हात पुढं केला आणि शामलाबाईंनी, भरदिवसा, उघड्या पडवीत, तो धरू दिला. काकू दोनदा डोकावून पाय न वाजवता परत गेल्या.

उन्हं कलली तेव्हा ती दोघं वळणापलीकडे गेली. भरती ओसरायला लागली होती. शामलाबाई पाण्यात उतरल्या, सकाळच्याच जागी. मास्तर काठावर, गॉगल लावून.

सूर्य खडकाशी आला. तसाच लाल. पाणी खाली जांभळं झालं, अगदी चित्रातल्यासारखं, की चित्रच आता खरं झालं होतं कोण जाणे. तो पाण्यावर टेकला आणि शामलाबाईंनी दोन्ही हातांनी तांब्या कपाळापर्यंत उचलला. धार पडली. धारेतून सूर्य दिसला, तुटला, पुन्हा जुळला. फूल लाटेवर चढलं आणि आत निघून गेलं. एक, दोन, तीन वेळा त्यांनी धार सोडली. तांब्या रिकामा झाला. सूर्य बुडायला अजून नखभर बाकी होता.

त्या वळल्या. सकाळपासून मिटलेले ओठ उघडले.

"दिसून राह्यला ना तुमाले?"

"कोन?"

"सूर्य. अजून."

मास्तरांची सवय कुठली जाते! "सूर्य बिर्य मले काही नाही दिसत. पान्यात एक लिंबू रंगाची बाई दिसून राह्यली फक्त."

"आधी तो गॉगल काढा," शामलाबाई म्हणाल्या. "अंधार पडून राह्यला."

मास्तरांनी गॉगल काढला. मग दुमडलेली विजार आणखी वर दुमडायची भानगड न करता, तसेच, कपड्यांसकट ते पाण्यात शामलाबाईंजवळ चालत गेले. नखभर उरलेला सूर्य दोघांनी मिळून बघितला, तो पार जाईपर्यंत.

"दार निळं रंगवू का मंग?" अंधारात मास्तरांनी विचारलं.

"नाही," शामलाबाई म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "जांभळं रंगवा. खालून. या पान्यासारखं."